15 दिवसांतून एकदाच बाहेर : कोठी, भाजी आणि साफसफाई

कोठीघर
27 मार्च 2020, सकाळी 10:40

कोरोनामुळे 24 मार्चच्या मध्यरात्रीपासून 21 दिवसांचा लॉकडाऊन सुरू झाला आहे. किराणा, दूध, भाजी, औषधं चालू राहणार आहेत. आता खरा विचार करायचा तो रांगेत किती वेळा उभं राहायचं याचा. प्रत्येक फेरीला माणसांशी गाठ पडते, म्हणून घराची घडी अशी बसवायची की 15 दिवसांतून एकदा, घरातल्या एकाच धडधाकट माणसाने बाहेर पडावं आणि मधे काही अडू नये. त्यासाठीचे हिशेब आणि साठवणीच्या रीती या धाग्यावर जमवू या. तुमच्याकडची माहिती जरूर लिहा, पण मापासकट लिहा.

एक विनंती आधीच. 15 दिवसांचंच घ्या, तीन महिन्यांचं नको. दुकानात माल येतोय, पण गाड्या कमी आहेत. एकाने पाच पोती उचलली की मागच्या चौघांना रिकाम्या हाताने परत जावं लागतं, आणि ते पुन्हा दुसऱ्या दिवशी रांगेत येतात.

हिशेब पोळीपासून सुरू करा. मध्यम पोळीला साधारण 30 ग्रॅम पीठ लागतं. चार माणसांच्या दोन्ही जेवणांच्या मिळून 20 पोळ्या धरल्या तर रोज 600 ग्रॅम, म्हणजे 15 दिवसांचं 9 किलो. तांदूळ माणशी एका वेळी 60 ग्रॅम, दोन्ही वेळा भात असेल तर 7 किलो. तूरडाळ रोज दीड वाटी, 200 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे 3 किलो. तेल 2 लिटर, साखर 2 किलो, चहा पावडर माणशी तीन कप धरून 350 ग्रॅम. पोहे, रवा, बेसन, शेंगदाणे किलो-किलो. कडधान्यं चार-पाच प्रकारची, अर्धा-अर्धा किलो. मीठ एक पुडा पुरतो. एरवीच्या महिन्याच्या यादीवरून अंदाज काढू नका. सगळे दिवसभर घरी आहेत, त्यामुळे चहा, मधल्या वेळचं खाणं, दूध आणि गॅस हे चारही वाढतात. वाढत नाही ते फक्त डब्याचं.

भाजीचा नियम सोपा आहे: आणताना सगळी एकदम, खाताना नाशिवंत आधी. पहिले तीन दिवस पालेभाज्या. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत भेंडी, गवार, वांगी, काकडी. आठव्या-नवव्यापर्यंत फ्लॉवर, फरसबी, सिमला मिरची. त्यानंतर कोबी, गाजर, बीट, दुधी. शेवटच्या चार दिवसांत लाल भोपळा, सुरण, बटाटे, कांदे आणि कडधान्यं. या क्रमाने माणशी रोज 200 ते 250 ग्रॅम धरा. चार माणसांना 15 दिवसांत 12 ते 15 किलो भाजी होते. ती फ्रिजमध्ये एकदम मावत नाही, म्हणून निम्मी तरी फ्रिजबाहेर टिकणारी हवी.

आता एकेक.

कोथिंबीर : धुवायची नाही. मुळं कापून, पिवळी पानं काढून, कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. चार दिवसांनी फडकं बदला. 12 ते 15 दिवस टिकते. काळी पडते ती आतल्या ओलीमुळे.

हिरवी मिरची : देठ काढा. कूज देठापासून सुरू होते. पुसून, तळाशी कागद घातलेल्या डब्यात. तीन आठवडे सहज.

लिंबं : कोरडी करून बरणीत, फ्रिजमध्ये. उघडी राहिली तर साल कडक होते आणि रस आटतो.

भेंडी : एकेक पुसून ठेवा. थोडी जरी ओल राहिली तर तिसऱ्या दिवशी बुळबुळीत.

टोमॅटो : कच्चे-पिके निवडून घ्या. कच्चे बाहेर, देठाची बाजू खाली करून. पिकलेले चार-पाच दिवसांत संपवा, उरले तर उकडून, साल काढून, मिक्सरमधून फिरवून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एक क्यूब म्हणजे साधारण अर्धा टोमॅटो.

बटाटे आणि कांदे : वेगळ्या टोपल्यांत, वेगळ्या कोपऱ्यांत. बटाट्याच्या ओलीने कांदा सडतो आणि कांद्याशेजारी बटाट्याला लवकर कोंब येतात. बटाटे अंधारात ठेवा. उजेडात हिरवे झालेले भाग कापून टाकायचे, फार हिरवा असेल तर पूर्ण बटाटाच टाकून द्यायचा. फ्रिजमध्ये बटाटा ठेवला की गोडसर होतो आणि तळताना काळा पडतो.

पिकती केळी, टोमॅटो, आंबे पालेभाजीशेजारी ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने पानं पिवळी पडतात.

निंबोणी
27 मार्च, दुपारी 12:05

फार उपयोगी. पण "धुवायची नाही" हे कसं जमवायचं? व्हॉट्सअ‍ॅपवर सगळीकडे सांगताहेत की भाजी आणली की साबणाच्या पाण्यात बुडवा. विषाणू प्लास्टिकवर तीन दिवस राहतो म्हणे. मग मिरचीवर राहत नसेल का?

रसायनी
27 मार्च, दुपारी 3:30

@निंबोणी, साबण भाजीला लावू नका. भाजीची साल सच्छिद्र असते, साबण आत मुरतो आणि पोटात गेला की उलट्या-जुलाब होतात. आत्ताच्या दिवसांत त्यासाठी दवाखान्याची पायरी चढावी लागणं हाच मोठा धोका.

तीन दिवसांचा आकडा खरा आहे, पण तो पूर्ण वाचायला हवा. 17 मार्चला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या प्रयोगात प्लास्टिकवर 72 तासांपर्यंत, स्टीलवर 48 तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर 24 तासांपर्यंत आणि तांब्यावर 4 तासांपर्यंत जिवंत विषाणू सापडला. त्यात प्रमाण सुरुवातीपासूनच झपाट्याने उतरत जातं. शेवटच्या तासाला उरतो तो अगदी थोडा. शिवाय हा विषाणू भाजी खाऊन पोटातून होत नाही, हाताला लागून नाका-तोंडा-डोळ्यांपर्यंत गेला तर होण्याची भीती. शिजवल्यावर तर प्रश्नच मिटतो.

म्हणून क्रम असा ठेवा. पिशवी आणली की दाराजवळ एका ठरलेल्या जागी ठेवा. हात धुवा. जी भाजी फ्रिजबाहेर टिकते (कांदे, बटाटे, भोपळा, सुरण, नारळ) ती एक-दोन दिवस तिथेच पडू द्या. बाकीची हाताळून, निवडून, डब्यात भरली की पुन्हा हात धुवा. चिरण्याआधी वाहत्या पाण्यात चोळून धुवा. कच्ची खायची असेल, म्हणजे काकडी, टोमॅटो, कोथिंबीर, तर जास्त काळजीने.

ज्यांना आणल्याबरोबर धुतल्याशिवाय चैन पडणार नाही त्यांनी साध्या पाण्यात धुवावी, पण मग पंख्याखाली सुती कापडावर पसरून तीन-चार तास पूर्ण कोरडी करावी. उलटून बघावी, पानांच्या बेचक्यात पाणी राहतं. पालेभाजी, कोथिंबीर, मिरची मात्र धुऊन साठवूच नये, कितीही वाळवली तरी टिकत नाही.

खायचा सोडा घातलेलं पाणी हल्ली बरेच जण सुचवतात. त्याने फवारणीचे काही अंश निघतात. विषाणूसाठी त्याचा भरवसा धरू नका.

कोठीघर
27 मार्च, सायंकाळी 6:15

रसायनींनी नीट उलगडलं. दुधाच्या पिशव्यांना मात्र साबणाचं पाणी चालेल, प्लास्टिक आहे. धुऊन, पुसून, मगच कात्री लावा आणि कात्रीही धुवा.

वऱ्हाडी_ठेचा
27 मार्च, रात्री 9:50

भाजी संपली तर काय, याचं उत्तर आपल्याकडे पूर्वापार आहे. चैत्र-वैशाखात विदर्भात, मराठवाड्यात भाजी मिळत नाहीच, तेव्हा घर यांवरच चालतं: पिठलं, झुणका, डाळकांदा, शेंगदाण्याची आमटी, कढीगोळे, पाटवडी रस्सा, डुबुकवड्या, सांडग्यांची भाजी, खानदेशी शेवभाजी. पंधरवड्यातले चार दिवस तरी मुद्दाम बिनभाजीचे ठरवा, म्हणजे पिशवी तेवढी हलकी.

टोमॅटो नसेल तर आमटीला चार-पाच आमसुलं किंवा लिंबाएवढी चिंच. आमसुलं शेवटी घाला, फार उकळली की तुरट होतात. कैऱ्या मिळत असतील तर त्याच वापरा: फोडी करून मीठ लावून फ्रिजमध्ये आठवडाभर, फ्रीझरमध्ये महिनाभर. चार फोडी वरणात पुरे.

कडधान्यं भिजवताना सध्याच्या उकाड्यात एक गोष्ट चुकते. थंडीतल्यासारखं रात्रभर एकाच पाण्यात ठेवलं की सकाळी फेस येतो आणि वास मारतो. मूग-मटकी सहा-सात तास पुरेत, मधे एकदा पाणी बदला. मग निथळून फडक्यात बांधा. दहा-बारा तासांत मोड येतात. फडकं ओलसर असावं, गळतं नको. वालाला भिजायला दहा तास आणि मोडाला दीड दिवस, त्यात दोनदा धुवावे लागतात. राजमा भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि कुकरमध्येच पूर्ण मऊ शिजवा. अर्धाकच्चा राजमा पोट बिघडवतो.

मोड आलेलं कडधान्य डब्यात फ्रिजमध्ये तीन दिवस राहतं. त्यामुळे एकाच वेळी दोन प्रकार भिजवून ठेवता येतात.

साधीवेल
28 मार्च, सकाळी 8:20

आमच्या भागातली पिठाची गिरणी बंद आहे, घरात गहू आहेत. मिक्सरवर दळता येतील का? आणि विरजण संपलं तर काय करतात?

कोठीघर
28 मार्च, सकाळी 9:45

@साधीवेल, दळता येतात, थोडं जपून. चटणीच्या भांड्यात एका वेळी अर्धी वाटीच गहू. वीस-पंचवीस सेकंद फिरवा, थांबा, हलवा, पुन्हा फिरवा. सलग फिरवलं तर पीठ तापतं, आणि मोटार तापली की आतली बटण-यंत्रणा मिक्सर बंद पाडते. खाली लाल बटण असतं ते वीस मिनिटांनी दाबायचं. पीठ बारीक चाळणीने चाळा, वरचा जाड भाग पुढच्या घाण्यात टाका. हे पीठ गिरणीपेक्षा भरडच राहतं, म्हणून कोमट पाण्याने सैलसर भिजवून पाऊण तास झाकून ठेवा. पोळीऐवजी फुलके किंवा जाडसर पराठे करा. घडीची पोळी लाटताना कडा फाटतात. ज्वारी-बाजरी मात्र मिक्सरवर गव्हापेक्षा चांगली होते. ज्वारीचं पीठ ताजंच वापरा, शिळ्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते.

मिक्सरचं पीठ चार दिवसांपुरतंच करा.

विरजणासाठी हिरव्या मिरचीचे देठ. अर्धा लिटर दूध उकळून बोट सोसवेल इतकं कोमट करा, देठासकट दोन मिरच्या देठ बुडतील अशा टाका, झाकून उबदार जागी दहा-बारा तास ठेवा. पहिलं दही पातळ आणि तार सुटणारं होतं. ते खायचं नाही, त्यातला एक चमचा घेऊन दुसऱ्यांदा दूध विरजायचं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला नेहमीचं दही येतं. मिरची फार धुतली तर दही लागत नाही, कारण लावणारे जीवाणू देठावर असतात. लिंबू पिळून होतं ते दही नाही, फाटलेलं दूध.

आणि पुढच्या वेळी ही वेळच नको: चांगलं ताजं दही बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. एक क्यूब अर्धा लिटर दुधाला पुरतो. तो आधी बाहेर वितळू द्या.

एडिसनकर
28 मार्च, रात्री 11:30

न्यू जर्सीहून लिहितो आहे. इथे भारतीय दुकानांतला पोळीचा आटा मिळेनासा झाला आहे, कोणी दुसऱ्या पिठाच्या शोधात असेल तर उपयोगी पडेल. अमेरिकन सुपरमार्केटमधलं नेहमीचं होल व्हीट पीठ लाल कठीण गव्हाचं असतं, कोंडा मोठा, पोळी कडक होते. व्हाइट होल व्हीट लिहिलेलं पीठ घ्या. तो पांढरा गहू असतो, मैदा नव्हे. तेही नसेल तर दोन भाग होल व्हीट, एक भाग ऑल पर्पज (म्हणजे आपला मैदा), चमचाभर तेल, आणि मळून निदान अर्धा तास मुरू द्यायचं. पाणी आट्यापेक्षा किंचित कमी लागतं.

निंबोणी
29 मार्च, सकाळी 7:55

धन्यवाद एडिसनकर, बहिणीला पाठवलं.

रसायनी, फरशी आणि दाराच्या कड्यांसाठी ब्लीचचं प्रमाण सांगाल का? दुकानात ब्लीचिंग पावडरच मिळाली, बाटली नाही.

रसायनी
29 मार्च, सकाळी 11:10

सांगतो. हे नीट वाचा, कारण चुकीच्या मिश्रणाने नुकसान विषाणूइतकंच होऊ शकतं.

घरातल्या पृष्ठभागांना 0.1 टक्का क्लोरीन पुरतो. 1 टक्का द्रावण दवाखान्यासाठी, किंवा घरात रुग्ण असेल तर त्याच्या संडास-बाथरूमसाठी.

बाटलीतलं ब्लीच भारतात बहुतेक 4 टक्क्यांच्या आसपास असतं, लेबल बघा. 4 टक्के असेल तर एक भाग ब्लीच आणि 39 भाग पाणी, म्हणजे लिटरभर द्रावणाला 25 मिलि. 1 टक्का हवं असेल तर 250 मिलि ब्लीच आणि 750 मिलि पाणी.

ब्लीचिंग पावडरीत ताजी असताना साधारण 30 टक्के क्लोरीन असतो. 0.1 टक्क्यासाठी लिटरला 3 ते 4 ग्रॅम, म्हणजे एक छोटा सपाट चमचा. 10 लिटरच्या बादलीला 35 ग्रॅम. आधी थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग पाणी वाढवा, अर्धा तास निवळू द्या आणि वरचं पाणीच वापरा. तळाचा चुना फरशीवर पांढरे ओघळ ठेवतो. पावडर उघडी राहिली किंवा दमट झाली की क्लोरीन उडून जातो. वास येत नसेल तर तिचा उपयोग नाही.

वापरताना :

आधी साबण किंवा डिटर्जंटने मळ काढा. मळावर ब्लीच वाया जातं.

नंतर द्रावणाचं फडकं फिरवा आणि दहा मिनिटं ओलं राहू द्या. लावलं आणि लगेच पुसलं, हीच सगळ्यांत जास्त होणारी चूक.

दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसा, विशेषतः स्टीलच्या कड्या आणि नळ. नाहीतर खड्डे पडतात.

द्रावण रोज ताजं करा. गरम पाणी वापरू नका. उन्हात ठेवू नका.

विजेच्या बटणांवर फवारायचं नाही. पिळलेल्या फडक्याने पुसा. मोबाइलला ब्लीच नको, 70 टक्के अल्कोहोलचं फडकं पुरे.

आणि हे ठळक समजा: ब्लीच संडास साफ करायच्या अ‍ॅसिडबरोबर कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरतो. व्हिनेगर आणि अमोनिया असलेलं काच साफ करायचं द्रावणही नको. एक दिवस अ‍ॅसिड वापरलंत तर भरपूर पाणी ओतून घ्या, ब्लीच दुसऱ्या दिवशी. खिडकी उघडी, हातात मोजे, लहान मुलं बाहेर. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या जुन्या बाटलीत द्रावण भरून ठेवू नका, कुणीतरी तहानेने तोंडाला लावतं.

दिवसातून एकदा पुसायच्या जागा: कडी, बेल, दिव्यांची बटणं, नळ, फ्लशचं हॅण्डल, फ्रिजचं हॅण्डल, रिमोट. भिंती, पडदे, छत यांच्या मागे लागू नका. बाहेरून कोणी आलंच नसेल तर फरशीला नेहमीचं फिनेल चालतं.

हातांना साबण आणि पाणी, 20 सेकंद, हेच सर्वांत चांगलं. सॅनिटायझर बाहेर असतानासाठी. सरकारने 200 मिलिची कमाल किंमत 100 रुपये ठरवली आहे, त्याहून जास्त देऊ नका.

कोठीघर
29 मार्च, दुपारी 1:00

सॅनिटायझर लावून लगेच गॅसपाशी जाऊ नका, हेही यात जोडते. अल्कोहोलची ज्योत दिवसाउजेडी दिसतही नाही.

वऱ्हाडी_ठेचा
31 मार्च, सकाळी 10:30

गॅसबद्दल. सिलेंडरच्या दोन बुकिंगमध्ये आता किमान 15 दिवसांचं अंतर ठेवलं आहे, त्यामुळे घाईने दोन-दोन लावता येणार नाहीत आणि गरजही नाही. 14.2 किलोचं सिलेंडर जपून वापरलं तर महिना जातो. डाळ-तांदूळ अर्धा तास आधी भिजवा, शिट्टी-दोन शिट्ट्या कमी लागतात. वरण, भात आणि दुसऱ्या दिवशीचे बटाटे एकाच कुकरमध्ये तीन भांड्यांत लावा. पहिली शिट्टी झाली की आच बारीक. दूध आणि चहा दिवसात एकदाच करून थर्मासमध्ये ठेवला तरी बराच फरक पडतो.

मावळतीर
1 एप्रिल, दुपारी 4:20

एक दुरुस्ती. वर मिरचीला डब्याच्या तळाशी कागद लिहिलाय. पुण्या-मुंबईत वर्तमानपत्र घरी येणं बंद असल्याने सगळे जुनी रद्दी वापरताहेत. छपाईची शाई अन्नाला लागणं बरं नाही. एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) 2016 मध्येच अन्न वर्तमानपत्रात गुंडाळू नका असं सांगितलं होतं. जुनं धोतर, साडी, सुती ओढणी यांचे तुकडे कापा. धुऊन पुन्हा वापरता येतात.

कोठीघर
1 एप्रिल, सायंकाळी 5:00

बरोबर आहे. मिरचीलाही कापडच वापरावं.

साधीवेल
4 एप्रिल, सकाळी 9:15

पंतप्रधानांच्या आवाहनाप्रमाणे उद्या रात्री 9 वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करून पणत्या लावायच्या आहेत. मेन स्विच बंद करावा का?

रसायनी
4 एप्रिल, सकाळी 9:50

नको. फक्त दिवे. फ्रिज, पंखा चालू ठेवा. सगळ्यांनी एकदम सगळं बंद करून पुन्हा एकदम चालू केलं तर वीजयंत्रणेवर ताण येतो, आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरलाही तो झटका चांगला नाही. पणती लावणार असाल तर हात साबणाने धुवा, सॅनिटायझर लावून काडी ओढू नका.

शिवणटिपण
5 एप्रिल, दुपारी 12:40

केंद्राच्या आरोग्य खात्याने आता घरी शिवलेला मास्क वापरायला सांगितलं आहे. दुकानात इलॅस्टिक नाही, म्हणून बंदाचा मास्क देते. यात काही विकत आणावं लागत नाही.

कापड शंभर टक्के सुती, घट्ट विणीचं: जुनी चादर, सुती शर्ट, पायजम्याचं कापड. उन्हाकडे धरून बघा, आरपार भोकं दिसली तर ते नको. आधी पाच मिनिटं उकळून वाळवा. नवं कापड नंतर आटतं आणि मास्क हनुवटीवरून वर सरकतो.

मोठ्या माणसाला 9 इंच रुंद, 7 इंच उंच असे दोन तुकडे, हवा तर मध्ये तिसरा. मुलांना 7 बाय 5. बंदासाठी दीड इंच रुंद, 40 इंच लांब दोन पट्ट्या. बाजूच्या कडांना 5 इंचाच्या दोन पट्ट्या.

तुकडे एकावर एक ठेवा. उंचीत तीन चुण्या घाला, सगळ्या खालच्या दिशेला. 7 इंचाची उंची 3 ते साडेतीन इंच होईल. चुण्यांची तोंडं वर आली तर त्यात धूळ साठते. दोन्ही बाजूंना छोट्या पट्ट्या दुमडून शिवा. मग वरच्या कडेला लांब पट्टी मधोमध धरून शिवा, खालच्या कडेला तशीच. पट्टी दुमडून पूर्ण लांबीवर टीप मारा, नाहीतर धुताना सुटते. वरचे बंद कानावरून डोक्यामागे, खालचे मानेवर.

मशीन नसेल तर हाताने उलटी टीप घाला, साधा धावदोरा टिकत नाही. बंदांसाठी परकराची नाडी चालते.

चष्मा वापरणाऱ्यांसाठी वरच्या कडेत पिशवी बांधायची तार किंवा फाइलची धातूची पट्टी सरकवा आणि नाकावर दाबा. श्वास वर जाऊन काच धूसर होते ती यानेच थांबते.

माणशी किमान दोन. वापरला की साबणाच्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात पाच तास. ऊन नसेल तर कुकरमध्ये पाणी आणि थोडं मीठ घालून दहा मिनिटं, मग इस्त्री. काढताना मागचे बंद सोडा, पुढच्या भागाला हात लावू नका. बोलताना खाली ओढायचा नाही. दमट झाला की बदला. दोन वर्षांखालच्या मुलांना घालू नका.

निंबोणी
8 एप्रिल, रात्री 8:30

मुंबईत आजपासून बाहेर पडताना मास्क सक्तीचा केलाय. शिवणटिपण, तुमची मापं अगदी वेळेवर आली. सोसायटीतल्या सुरक्षारक्षकांसाठीही याच मापाचे मास्क शिवायचे ठरले आहेत.

हातखंबा
9 एप्रिल, सकाळी 11:00

हापूस सोसायट्यांमध्ये थेट येऊ लागला आहे, म्हणून आंब्याबद्दल. पेटी बहुधा कच्चीच येते. पुठ्ठ्याची असेल तर एक दिवस गॅलरीत सावलीत राहू द्या, आंब्याचं त्यात काही बिघडत नाही. मग आंबे काढून पेंढ्यात किंवा सुती कापडावर एका थरात आढी लावा. जमिनीवर, हवेशीर खोलीत. रोज बघा, एक दिवसाआड उलटा. एक कुजका आंबा शेजारचे चार बिघडवतो. वास सुटला, बोटाने किंचित दबला की तयार. पिकलेला तेवढाच फ्रिजमध्ये. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवला तर नंतर पिकत नाही, साल सुरकुतते आणि आत पांढरा राहतो. पेटी एका घराला जास्त होते. मजल्यावरच्या तीन-चार घरांनी मिळून घ्या. बागायतदारालाही एका जागी गाडी रिकामी करता येते.

मावळतीर
10 एप्रिल, सकाळी 10:05

आमच्या सोसायटीच्या बैठकीत दारात फवारणीचा बोगदा उभारायचा प्रस्ताव आहे. येणाऱ्या प्रत्येकावर हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं द्रावण. योग्य आहे का?

रसायनी
10 एप्रिल, सकाळी 10:40

अजिबात नाही. बैठकीत विरोध करा. हायपोक्लोराइट वस्तूंसाठी आहे, माणसासाठी नाही. डोळे, कातडी, घसा जळतो; दम्याच्या माणसाला त्रास वाढतो. विषाणू शरीरात असेल तर वरच्या फवाऱ्याने तो जात नाही. आणि बोगद्यातून आलेला माणूस स्वतःला स्वच्छ समजून हात धुवायचं टाळतो, हे त्याहून वाईट. तेवढ्या पैशात दारात पायाने उघडायचा नळ आणि साबण ठेवा. लिफ्टची बटणं दिवसातून तीनदा पुसायला माणूस नेमा, त्याला मोजे द्या.

कोठीघर
12 एप्रिल, सकाळी 9:30

राज्याने टाळेबंदी 30 एप्रिलपर्यंत वाढवल्याचं काल जाहीर केलं. म्हणजे दुसऱ्या फेरीची यादी आता करायला हवी. पहिल्या पंधरवड्यात काय लवकर संपलं आणि काय उरलं ते डब्यांवरून बघा आणि तेवढाच फरक करा. औषधांची यादी त्याच कागदावर: बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याच्या, पट्टीचा फोटो औषधवाल्याला आधी पाठवला की रांगेतला वेळ वाचतो. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मनाने घेऊ नका, त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि ज्यांना ते संधिवातासाठी रोज लागतं त्यांना मिळेनासं होतं.

साधीवेल
12 एप्रिल, दुपारी 2:10

रव्यात अळ्या दिसल्या. टाकून द्यावा लागेल का? तांदळात पण बारीक किडे आहेत.

वऱ्हाडी_ठेचा
12 एप्रिल, दुपारी 3:00

जाळी धरली असेल, गोळे झाले असतील किंवा वास येत असेल तर रवा टाका. नुसत्या एक-दोन अळ्या असतील तर चाळून, मंद आचेवर सात-आठ मिनिटं कोरडा भाजून, पूर्ण गार करून डब्यात भरा. गरम भरला तर झाकणाला घाम येतो आणि पुन्हा तेच. पुढचा रवा आणल्या दिवशीच भाजून ठेवा.

तांदूळ सावलीत पसरा, किडे उजेडापासून आपोआप पळतात. उन्हात घालू नका, तांदूळ चिरतो आणि भात मोकळा होत नाही. मग चाळून डब्यात भरताना मधे सुकलेला कडुनिंबाचा पाला, पाच किलोला दोन मुठी. ओला पाला नको, बुरशी धरेल. गहू आणि तूरडाळीला किलोमागे एक छोटा चमचा एरंडेल चोळा, शिजवण्याआधी धुऊन घ्या.

साधीवेल
12 एप्रिल, दुपारी 3:25

गोळे नाहीत. भाजायला घेते. कडुनिंब सोसायटीच्या आवारातच आहे.

वऱ्हाडी_ठेचा
12 एप्रिल, दुपारी 3:40

दोन दिवस सावलीत वाळू द्या, पान हातात चुरलं पाहिजे. तोवर तांदळाचा डबा फ्रिजशेजारी किंवा ओट्याखाली नको, गरम जागेत किडे वाढतात.